केस गळतायत म्हणून 'आदिवासी तेल' मागवताय? जडीबुटीचा तंबू इन्स्टाग्रामवर आला, पण कायदा कुठे राहिला?

कमरेच्याही खाली येणारे काळेभोर केस. मागे झाडी, पुढे चुलीवर भली मोठी कढई, त्यात उकळणारं तेल आणि तेलावर तरंगणारा पाला-मुळ्यांचा ढीग. १०८ जडीबुटी, पिढ्यान् पिढ्यांचा नुस्खा, टकलावरही केस येणार. आणि शेवटी स्क्रीनवर व्हॉट्सअ‍ॅप नंबर.

केसांवरची एखादी रील तुम्ही शेवटपर्यंत पाहिली असेल, तर हा व्हिडिओ तुमच्यापर्यंत पोहोचला असण्याची शक्यता भरपूर आहे. माझ्या रूममेटपर्यंत तो पोहोचला तेव्हा तिला डेंग्यू होऊन अडीच महिने झाले होते आणि बाथरूमच्या जाळीत रोज केसांचा गुंता अडकत होता. रात्री साडेबाराला तिने जाहिरातीवर टॅप केलं, तर वेबसाइटऐवजी थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. पलीकडून आधी तिच्या डोक्याचा फोटो मागितला गेला. मग व्हॉइस नोट आली. मग तीन महिन्यांचा 'कोर्स' सुचवला गेला. पंधरा मिनिटांत तीन बाटल्या ऑर्डर झाल्या, कॅश ऑन डिलिव्हरी.

ती मास्टर्स झालेली मुलगी आहे. हे मुद्दाम सांगतेय, कारण 'अशिक्षित लोक फसतात' हा आपला आवडता समज इथे उपयोगाचा नाही.

हे तेल येतं कुठून?

या व्हिडिओंचं मूळ बहुतेक वेळा कर्नाटकात सापडतं. म्हैसूर जिल्ह्यातल्या हुणसूर तालुक्यात पक्षीराजपुर नावाची वस्ती आहे. तिथे हक्कीपिक्की समाज राहतो. कन्नडमध्ये 'हक्की' म्हणजे पक्षी, 'पिक्की' म्हणजे पकडणारे. २०११ च्या जनगणनेनुसार कर्नाटकात त्यांची लोकसंख्या ११,८९२ होती आणि त्या राज्यात ते अनुसूचित जमातीत मोडतात. घरात ते 'वागरी' बोलतात. आपल्याकडच्या पारध्यांच्या बोलीसारखीच ही बोलीही गुजरातीच्या जवळची आहे.

नावाप्रमाणे पक्षी आणि छोटी जनावरं पकडणं हा त्यांचा जुना व्यवसाय. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार हा गुन्हा ठरला. पोट भरायचं कसं, या प्रश्नाला उरलेलं उत्तर म्हणजे जंगलातल्या वनस्पतींची माहिती. मग तेलं, मुळ्या, मालिशची औषधं घेऊन हे लोक जत्रांमध्ये, शहरांच्या रस्त्यांवर आणि पुढे परदेशातही फिरू लागले. आफ्रिकेतल्या अनेक देशांत त्यांचा माल विकला जातो.

बहुतेक भारतीयांनी 'हक्कीपिक्की' हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते एप्रिल २०२३ मध्ये. सुदानमध्ये यादवी पेटली आणि जडीबुटी विकायला गेलेले कर्नाटकातले ३१ हक्कीपिक्की तिथे अडकले. त्यांच्या सुटकेवरून सिद्धरामय्या आणि परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांच्यात ट्विटरवर जाहीर खडाजंगी झाली. पुढे 'ऑपरेशन कावेरी'तून हजारो भारतीय परत आले, त्यात हे लोकही होते.

म्हणजे तेलाच्या बाटल्या विकायला माणसं युद्धाच्या तोंडी जात होती. आता त्याच बाटल्या घरबसल्या कुरियरने जातात. गावात युट्यूबर येतात, केसांच्या रील्स बनतात, हिंदी मनोरंजनसृष्टीतली ओळखीची नावं कढईशेजारी उभी राहून फोटो काढतात. मधला व्यापारी गेला, गिऱ्हाइक थेट मिळालं. या समाजाच्या बाजूने पाहिलं तर डिजिटल मार्केटिंगने त्यांना जे दिलं, ते इतक्या वर्षांत कुठल्याच योजनेने दिलं नव्हतं. त्यांच्या धंद्याची थट्टा करण्याआधी एवढं लक्षात ठेवावं.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. तेल चाललं तसं नावही चाललं. आज कुठल्याही ई-कॉमर्स अ‍ॅपवर 'आदिवासी हेअर ऑइल' टाका. वेगवेगळ्या गावांतले, वेगवेगळ्या किमतींचे, जवळपास एकसारखी लेबलं लावलेले विक्रेते रांगेने दिसतील. तीच कढई, तेच केस. यातलं कोणतं पक्षीराजपुरात उकळलं आणि कोणतं एखाद्या औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात भरलं, हे बाटलीवरून कळायचा मार्ग नाही. रस्त्यावर भेटलेल्या भटक्या जमातीच्या माणसाकडे आपण संशयाने बघतो आणि बाटलीवर 'आदिवासी' लिहिलेलं असेल तर शुद्धतेची खात्री मानतो, हा विरोधाभास कोणत्या मार्केटिंगवाल्याने आधी हेरला असेल, कोण जाणे.

रस्त्यावरचा वैदू आणि फोनमधला वैदू

महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. भटक्या जमातींच्या यादीत असलेला वैदू समाज पिढ्यान् पिढ्या जडीबुटी विकत, तुंबड्या लावत गावोगाव फिरला. शहराच्या हमरस्त्याकडेला ताडपत्रीचा तंबू, बरण्यांची रांग आणि लाउडस्पीकरवरची रेकॉर्ड हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. मुंबईच्या लोकलमधून दिसणाऱ्या 'गुप्तरोग' आणि 'शर्तिया इलाज'च्या भिंती तर सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत.

फरक असा, की भिंत सगळ्यांना सारखीच दिसायची. ती कुणाच्या मनात काय चाललंय ते ओळखत नव्हती. फोनमधली जाहिरात मात्र वय, शहर, भाषा आणि आवड निवडून दाखवता येते. तुम्ही कशावर थांबलात, काय पुन्हा पाहिलं, हे प्लॅटफॉर्मला कळतं. बाविसाव्या वर्षी कपाळ रुंद होतंय असं वाटणारा मुलगा, पीसीओएसचं निदान झालेली मुलगी, लग्न ठरलेलं असताना भांगात टाळू दिसू लागलेली नवरी, या सगळ्यांना ही जाहिरात बरोबर त्यांच्या घाबरण्याच्या वेळी सापडते. ही भीती ते घरी बोलत नाहीत. फोनला मात्र ती माहीत असते.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गावात येणारा वैदू पुढच्या वर्षी त्याच वेशीवर परत येणार असायचा. औषधाने कुणाला अपाय झाला, तर गाव त्याला ओळखत होतं. व्हॉट्सअ‍ॅप नंबर बदलायला दहा मिनिटं लागतात.

तिसरा फरक चलाखीचा. उघड दिसणाऱ्या जाहिरातीत बऱ्याचदा दावा सौम्य असतो: 'केसांची निगा', 'नैसर्गिक पोषण'. रूममेटला 'नव्वद दिवसांत नवे केस, गॅरंटी' हे ऐकवलं गेलं ते खासगी व्हॉइस नोटमध्ये. तिथे काय बोललं गेलं, हे ना जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेला दिसतं, ना अन्न व औषध प्रशासनाला.

पण लोकांना फरक पडतो, त्याचं काय?

कमेंट्समध्ये 'मला खरंच फायदा झाला' म्हणणारे सगळेच पैसे घेतलेले नसतात. अनेक जण मनापासून लिहितात. हे समजून घ्यायला केसांचं गणित थोडं पाहावं लागेल.

डोक्यावरचा प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. रोज ५० ते १०० केस गळणं सामान्य आहे. शरीराला मोठा धक्का बसला की एकाच वेळी खूप केस वाढ थांबवून विश्रांतीच्या टप्प्यात जातात. मोठा ताप, डेंग्यू, कोविड, बाळंतपण, शस्त्रक्रिया, अचानक केलेलं कडक डाएट, अशी कारणं असतात. केस लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी झुबक्याने गळतात. म्हणूनच आजाराशी त्यांचा संबंध आपल्या लक्षात येत नाही. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. कारण दूर झालं असेल तर ही गळती बहुतेकांमध्ये सहाएक महिन्यांत आपोआप थांबते आणि केस परत येतात.

आता माणूस तेल कधी मागवतो? गळती सगळ्यात जोरात असते तेव्हा. म्हणजे नेमकी ती थांबण्याच्या थोडं आधी. तीन महिन्यांच्या 'कोर्स'नंतर केस परत आले, की श्रेय बाटलीला. पाणी लावलं असतं तरी हेच झालं असतं. चाई पडते तेव्हाही अनेकदा तसंच. तो गोल चट्टा बऱ्याच जणांमध्ये उपचाराविना भरून येतो.

वडिलांकडून-आईकडून आलेलं टक्कल मात्र वेगळं. तिथे संप्रेरकांमुळे केसांची मुळंच हळूहळू आक्रसत जातात. त्यावर मिनॉक्सिडिलसारख्या औषधांचा पुरावा आहे, पण तेही जादू नाही. लावणं थांबवलं की मिळालेला फायदा जातो, आणि डॉक्टरांना विचारून घ्यायला हवं. इथे तेलाने नुकसान होतं ते वेळेचं. मुळं जिवंत असतानाचे महिने 'कोर्स'मध्ये निघून जातात.

मग तेल निरुपयोगी का? तसंही नाही. खोबरेल तेलाने केसांमधली प्रथिनं कमी झिजतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं होतं (ते पॅराशूट बनवणाऱ्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांचं होतं, हेही सांगायला हवं). म्हणजे केस तुटणं तेलाने कमी होऊ शकतं. केस मुळापासून गळणं ही दुसरीच गोष्ट आहे. आजी डोक्यावर तेल थापायची तेव्हा तिने नवे केस उगवण्याची गॅरंटी कधी दिली नव्हती.

कारण शोधल्याशिवाय उपाय विकण्यातला धोका आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यात दिसला. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव आणि आसपासच्या गावांतल्या लोकांचे केस अचानक गळू लागले, काहींना तर दोन-चार दिवसांत टक्कल पडलं. आकडा पावणेतीनशेच्या पुढे गेला. आधी बुरशीचा संशय आला, पाण्याचे नमुने घेतले गेले, आयसीएमआरचं पथक आलं. पुढे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमच्या जास्त प्रमाणाकडे बोट दाखवलं. त्या गावकऱ्यांच्या डोक्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला असता, तर उत्तरादाखल तीन बाटल्या आल्या असत्या.

कायदा काय म्हणतो?

कायदे आहेत. पण ते भिंतींच्या काळातले आहेत.

१९५४ चा औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा हा त्यातला मुख्य. त्याच्या परिशिष्टात ५४ आजारांची यादी आहे: कर्करोग, मधुमेह, लैंगिक दुर्बलता, कोड, लठ्ठपणा वगैरे. हे बरे करतो अशी जाहिरात करता येत नाही. पहिल्यांदा दोषी ठरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. यात जाहिरातीची व्याख्या वाचण्यासारखी आहे. नोटीस, पत्रक, लेबल तर आहेच, शिवाय प्रकाश, आवाज किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही जाहिरातच. रील म्हणजे प्रकाश आणि आवाज, त्यामुळे ती यात बसवता येते. इंटरनेटचा स्पष्ट उल्लेख करणारा आणि यादी ७८ पर्यंत नेणारा दुरुस्तीचा मसुदा फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने मांडला होता. मात्र जी ५४ ची यादी आहे, तिच्यात टक्कल नाही.

टक्कल आहे ते दुसरीकडे, औषध नियमांच्या परिशिष्ट 'जे'मध्ये. हे बरं करण्याचा दावा औषधाने करू नये, असं ते सांगतं. विक्रेता म्हणतो, आमचं औषध कुठे आहे, ते तर सौंदर्यप्रसाधन आहे. लेबलवर प्रसाधन आणि व्हॉइस नोटमध्ये औषध, अशी ही कसरत चालते.

आयुर्वेदिक औषध विकण्यासाठी बनवायचं तर परवाना लागतो. पण औषध कायद्यात वैद्य आणि हकिमांना एक सवलत आहे: स्वतःच्या रुग्णांसाठी ते औषध बनवत असतील, तर परवान्याची ही अट लागू नाही. सवलत योग्यच होती. समोर बसलेल्या रुग्णाची नाडी पाहून पुडी बांधून देणाऱ्या वैद्याला कारखान्याचे नियम कशाला? पण माझ्या मते या अख्ख्या विषयाची मेख इथेच आहे. फॉलोअर म्हणजे रुग्ण नव्हे. ज्याला कधी पाहिलं नाही, ज्याच्या थायरॉइडची किंवा रक्तातल्या लोहाची माहिती नाही, अशा हजारो लोकांना एकच बाटली पाठवणं हा उपचार नसून उत्पादन आणि विक्री आहे. 'आमचा खानदानी नुस्खा' म्हणत परंपरेचा आदर मागायचा आणि धंदा मात्र कंपनीच्या आकाराचा करायचा, हे दोन्ही एकदम चालायला नको.

आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींना आधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी हवी, असा नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला होता. आयुष मंत्रालयाने १ जुलै २०२४ ला तो काढून टाकला. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती स्थगितीही उठली. म्हणजे जाहिरात लागण्याआधी ती कुणी तपासायची, या प्रश्नावर सात वर्षांत आपण जिथून निघालो तिथेच परत आलो.

इन्फ्लुएन्सरचं काय? पतंजलीच्या जाहिरातींचं प्रकरण सुरू असताना मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्रसिद्ध व्यक्ती आणि इन्फ्लुएन्सरही तितकेच जबाबदार आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्यासाठी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे, शिवाय जाहिराती करण्यावर एक ते तीन वर्षांची बंदी येऊ शकते. आरोग्याविषयी दावे करणाऱ्याने आपली पात्रता सांगावी, नसेल तर तसं स्पष्ट करावं, अशा सूचना ऑगस्ट २०२३ पासून आहेत. तुमच्या फीडमधल्या कढईशेजारच्या सेलिब्रिटीने असं काही सांगितल्याचं आठवतंय का?

केसच तर आहेत, त्यात एवढं काय?

मेरठमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये टकलावर केस उगवण्याचं शिबिर भरलं. औषध लावायला २० रुपये, तेलाचे ३०० रुपये. सोशल मीडियावरून गाजावाजा झाला, तुडुंब गर्दी लोटली आणि नंतर तक्रार होऊन आयोजकांना अटक झाली. मार्च २०२५ मध्ये पंजाबच्या संगरूरमध्ये अशाच शिबिरात डोक्याला तेल लावून घेतलेल्या साठहून अधिक लोकांचे डोळे लाल होऊन जळजळू लागले आणि त्यांना रुग्णालय गाठावं लागलं. ही दोन्ही प्रकरणं हक्कीपिक्कींची नाहीत. पण 'नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही' हे वाक्य तिथेही चाललं होतं.

मागवायचंच असेल तर निदान बाटलीवर उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि एक्स्पायरी आहे का ते बघा. नुसता मोबाइल नंबर म्हणजे पत्ता नव्हे. मेटाच्या अ‍ॅड लायब्ररीत त्या पेजचं नाव टाकलं, तर ते सध्या कोणकोणत्या जाहिराती चालवतंय ते कुणालाही दिसतं. एकाच तेलासाठी एकाच बाईचे 'आधीचे आणि नंतरचे' फोटो तीन वेगळ्या नावांनी दिसले, तर काय समजायचं ते समजा. जाहिरात बंद झाली की ती तिथूनही गायब होते, म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर करता येते.

रूममेट शेवटी त्वचारोगतज्ज्ञाकडे गेली. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "गेल्या तीन-चार महिन्यांत मोठा ताप आला होता का?" रक्त तपासलं, लोह कमी होतं, त्याच्या गोळ्या दिल्या. आता कपाळाच्या कडेने बारीक नवे केस दिसतायत. तेलाची एक बाटली अर्धी संपलीय, दोन कपाटात तशाच आहेत. त्यांच्यावर परवाना क्रमांकाची जागा छापलेली आहे, क्रमांक नाही.

परवा तिला त्याच नंबरवरून मेसेज आला: मॅडम, आता केस कसे आहेत? आधीचा आणि आताचा फोटो पाठवा, पुढच्या ऑर्डरवर २०० रुपये कमी करू. केस खरंच आलेत, त्यामुळे फोटो खोटा ठरणार नाही. तिने अजून उत्तर दिलेलं नाही.